जुन्या स्पोर्ट्स कारच्या दाराची काच आपोआप खाली घसरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, फियाट स्पायडर अशा गाड्या जिवापाड सांभाळणारी मंडळी आहेत. त्यांच्याकडून इंजिनाखालोखाल सगळ्यात जास्त विचारणा होते ती दाराच्या काचेची. वर केलेली काच खड्डा आला की दोन बोटं खाली येते, नाहीतर दार लावलं की धाडकन आत जाते. खाली बहुतेक ठिकाणी एमजीबीचं उदाहरण घेतलं आहे. ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त निघाली, आणि तिच्या दाराची रचना समजली की त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांची दारं समजतात. तिच्या आधीच्या एमजीए रोडस्टरला (म्हणजे उघड्या टपाच्या गाडीला) वर-खाली होणारी काच नव्हतीच, काढ-घाल करायचे पडदे होते. त्यामुळे हा त्रास एमजीबीवाल्यांच्याच वाट्याला आला.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत: विंडो मशीन, म्हणजे दाराच्या आतली काच वर-खाली करणारी यंत्रणा, सगळ्यात शेवटी बदला. काच कुठे सुटतेय ते आधी शोधा.

काच घसरते तेव्हा आत नेमकं काय झालेलं असतं?

दाराच्या आत काचेची खालची कड एका लोखंडी चॅनलमध्ये बसवलेली असते. काच आणि चॅनल यांच्या मध्ये रबराची पट्टी दाबून घातलेली असते, काच धरून ठेवते ती हीच पट्टी. चॅनलच्या खालच्या खाचेत मशीनच्या दांड्याचा रोलर सरकतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंख्याच्या आकाराची दातेरी प्लेट असते आणि हँडलच्या शाफ्टवरची छोटी दातेरी चक्री ती फिरवते.

आता खरी गंमत पुढे आहे. तुम्ही हँडल सोडता तेव्हा काचेचं वजन ती चक्री उलटी फिरवू बघतं. तसं होऊ नये म्हणून शाफ्टभोवती एक छोटा ड्रम आणि त्यात गुंडाळीची स्प्रिंग असते. हँडल फिरवलं की स्प्रिंग आवळते, ड्रमची भिंत सोडते आणि शाफ्ट मोकळा फिरतो. काचेकडून जोर आला की तीच स्प्रिंग फुगते आणि ड्रमला आतून घट्ट धरते. आपण याला ब्रेक स्प्रिंग म्हणू.

म्हणजे काच तीन ठिकाणी सुटू शकते: काच आणि चॅनलच्या मध्ये, चॅनल आणि रोलरच्या मध्ये, किंवा मशीनच्या आत.

दार न उघडता यातलं काय आहे ते कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. काच अर्ध्यावर आणा. दोन्ही तळवे काचेच्या दोन बाजूंना लावून ती हळूहळू खाली ओढा आणि दुसऱ्या कोणाला तरी हँडलवर नजर ठेवायला सांगा.

काच खाली जाताना हँडलही फिरत असेल, तर ब्रेक स्प्रिंग धरत नाही. हँडल जागचं हलत नाही आणि काच मात्र खाली जाते, तर काच चॅनलमधून निसटली आहे किंवा रोलर खाचेतून बाहेर आला आहे. काच वर जाताना एका बाजूला कलत असेल तर रोलर किंवा मागचं उभं चॅनल (काचेची बाजूची कड ज्यातून सरकते ते) तपासा. हँडल फिरवताना कट-कट आवाज येतो आणि काच मध्येच अडकते, तर दाते झिजलेत. हँडल नुसतं गरगर फिरतं आणि आत काहीच होत नाही, तर आधी हँडल काढून त्याच्या आतल्या खाचा बघा. नरम धातूच्या हँडलच्या खाचा गुळगुळीत होतात आणि शिव्या बिचाऱ्या मशीनला बसतात.

मेस्त्री म्हणतात, “साहेब, मशीन गेली, बदलायला लागेल.” खरं मानावं का?

मेस्त्रींना वरची परीक्षा करून दाखवायला सांगा. चांगला मेस्त्री आनंदाने करतो. हँडल स्थिर असताना काच खाली जात असेल तर मशीनचा काही दोष नाही, आणि नवी मशीन लावली तरी काच तशीच घसरणार.

मशीन खरोखर गेली असली तरी ती का गेली हे विचारायचं राहू नये. उभ्या चॅनलमधला नमदा, म्हणजे आतलं मऊ केसाळ अस्तर, धुळीने कडक झाला की काच जड जाते. मग आपण हँडलवर जोर लावतो, तो जोर दात्यांवर आणि ब्रेक स्प्रिंगवर येतो. नमदा तसाच ठेवून नवी मशीन बसवली तर तीही त्याच वाटेने जाते.

काच खालच्या चॅनलमधून निसटली आहे. परत कशी बसवायची?

सगळ्यात जास्त वेळा हेच झालेलं असतं. रबर वाळून कडक होतं, चॅनल आतून गंजतं, आणि कोणीतरी अडकलेली काच दोन्ही हातांनी वर ओढलेली असते.

काच आणि चॅनल बाहेर काढण्याआधी एक माप घ्या: काचेच्या मागच्या कडेपासून चॅनलच्या टोकापर्यंतचं अंतर. काच पूर्ण सुटली असेल तर काचेवर जुन्या रबराचा काळा डाग राहिलेला असतो, त्यावरून जागा कळते. दोन्हीही नसेल तर दुसऱ्या दाराची काच बघा. ती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असते हे लक्षात ठेवून माप उतरवा. चॅनल थोडं जरी पुढे-मागे बसलं तरी काच वर जाताना कलते आणि घासते.

चॅनल तारेच्या ब्रशने घासून आतला गंज पूर्ण काढा. गंजाच्या पापुद्र्यांनी चॅनलची तोंडं फाकलेली असतील तर लाकडी ठोकळा मध्ये धरून ती सारखी करा. रेड ऑक्साइडचा हात द्या, वर रंग द्या, आणि पूर्ण वाळू द्या. घाईने ओल्या रंगावर रबर बसवलं तर रबर रंगासकट सरकतं.

रबराची पट्टी निवडताना जाडी महत्त्वाची. काच, रबराचे दोन थर आणि चॅनलची आतली रुंदी यांचा हिशेब असा जमला पाहिजे की काच हाताने आत जाऊ नये, पण हातोडीने ठोकावीही लागू नये. पट्टी काचेच्या खालच्या कडेला यू आकारात गुंडाळा. चॅनलच्या आतून आणि रबराला बाहेरून साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको. साबणाचं पाणी वाळून जातं आणि रबर जागच्या जागी आवळतं, तेल मात्र तिथेच राहतं, रबर फुगवतं आणि काच पुन्हा सरकते.

आता जमिनीवर जाड गोधडी अंथरा, काच उलटी उभी धरा, म्हणजे खालची कड वर येईल. चॅनल त्यावर ठेवा. एका टोकाकडून सुरुवात करून चॅनलवर लाकडी पट्टी ठेवत रबरी हातोडीने हलके-हलके सरकत जा. एकाच जागी जोर लावू नका. चॅनल समान खोल गेलं की बाहेर आलेलं रबर ब्लेडने कापा, आणि काच एक अख्खी रात्र तशीच राहू द्या. दाराची काच टफन्ड असते. मधोमध ती बराच मार सोसते, पण कडेला लोखंडाचा एक टोला बसला तर पूर्ण काचेचा एका क्षणात चुरा होतो. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

त्यापेक्षा सिलिकॉन किंवा इपॉक्सी लावून चिकटवली तर?

इपॉक्सी नको. ती दगडासारखी कडक होते, दार आपटल्याचा हादरा थेट काचेच्या कडेला जातो. शिवाय पुढे कधी काच काढायची झाली तर ती शाबूत निघत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉनही नको, वाळताना त्यातून निघणारं आम्ल लोखंड खातं आणि चॅनल आतून पुन्हा गंजतं.

चॅनल फार खराब आहे, रबर पकड घेतच नाही, अशी वेळ आली तर विंडस्क्रीन चिकटवायचं पॉलियुरेथेन वापरा. काच आणि चॅनल आधी स्वच्छ पुसून घ्या, प्रायमर लावा, आणि रबराचे छोटे तुकडे मध्ये ठेवा म्हणजे काच लोखंडाला टेकणार नाही. हे पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळतं. म्हणून आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ते लवकर आटोपतं, एप्रिलच्या कोरड्या हवेत जास्त वेळ घेतं. उन्हाळ्यात घाई करू नका.

माझी पसंती तरीही रबरालाच. ज्याने ही गाडी बनवली त्याने पुढच्या माणसाला काच काढता येईल अशी सोय ठेवली होती, ती आपण मोडू नये.

ब्रेक स्प्रिंग गेली असेल तर मशीन दुरुस्त होते का?

होते, पण ज्याला बारीक कामाची आवड आहे त्याच्याकडेच द्या. मशीनचे रिव्हेट ड्रिलने काढून ड्रम उघडावा लागतो. निम्म्या वेळा स्प्रिंग तुटलेली नसतेच, आत जुनं ग्रीस, धूळ आणि कोणीतरी मारलेलं पातळ तेल यांचा चिकटा असतो. रॉकेलने धुऊन, कोरडं करून, परत लावलं की पकड येते.

स्प्रिंग झिजली असेल तर स्प्रिंग बनवणाऱ्याकडे जुनी स्प्रिंग आणि ड्रम दोन्ही घेऊन जा. तार त्याच जाडीची हवी, आणि मोकळ्या स्प्रिंगचा बाहेरचा व्यास ड्रमच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित जास्त हवा, तरच ती भिंतीला दाबून बसते. ड्रमला आतून खोल चर पडले असतील तर नवी स्प्रिंगही फार दिवस टिकणार नाही. तेव्हा मात्र मशीन बदला.

इथे एक धोका आहे. काही मशीनना काचेचं वजन तोलायला घड्याळातल्यासारखी चपटी कमान असते. काच काढल्यावर ती कमान ताणलेलीच राहते. मशीन सोडवताना किंवा रिव्हेट काढताना दांडा झटक्यात फिरतो आणि बोट सापडलं तर हाड मोडू शकतं. आधी दातेरी प्लेट आणि मागची प्लेट क्लॅम्पने एकत्र बांधा, मगच पुढचं काम करा.

दाते झिजलेत. वेल्डिंग करून भरता येतील?

दातेरी प्लेटचे सगळे दाते सारखे झिजत नाहीत. काच पूर्ण वर असताना जिथे चक्री बसते तिथले चार-पाच दातेच खराब असतात. ते ब्रेझिंगने (पितळ वितळवून) भरून कानशीने घासून आकाराला आणता येतात. पातळ पत्र्याच्या प्लेटला आर्क वेल्डिंगची उष्णता सोसत नाही, ती वाकते. चक्रीचे दाते गेले असतील तर टर्नरकडून नवी चक्री करून घेणं बरं.

डोअर पॅड (दाराचं आतल्या बाजूचं आवरण) काढताना काय जपावं?

हँडल आधी निघतं. कुठे मधोमध स्क्रू असतो, कुठे मागे यू आकाराची क्लिप, कुठे आरपार पिन. ओढण्याआधी टॉर्च मारून बघा. पॅडच्या क्लिपा एकेक करून, क्लिपेच्या अगदी जवळ रुंद पट्टी घालून उचकटा. पॅड जुन्या हार्डबोर्डचं असतं, क्लिपेभोवतीचं भोक फाटलं की पुन्हा ती क्लिप धरत नाही.

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असायला हवा. बऱ्याच गाड्यांत तो कधीच फेकून दिलेला असतो, आणि त्याचा त्रास पुण्याच्या पावसाळ्यात दिसतो. काच आणि बाहेरच्या बीडिंगच्या फटीतून पाणी दारात जाणारच, दार त्यासाठीच बनवलेलं असतं. ते पाणी आतल्या पत्र्यावरून ओघळून तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. प्लॅस्टिक नसेल तर पाणी पॅडमध्ये मुरतं, हार्डबोर्ड फुगतं, कार्पेट कुजतं. भोकं चिखलाने बंद असतील तर दार खालून सडतं. काचेच्या निमित्ताने दार उघडलंच आहे, तर जाड तारेने ती भोकं मोकळी करा, तळात साचलेली माती काढा, आतून गंजरोधक मेण किंवा अंडरकोट फवारा, आणि नवं जाड प्लॅस्टिक चिकटवा. काच दुरुस्तीइतकंच हे काम मोलाचं आहे, आणि त्याला फक्त एक दुपार लागते.

माझ्या गाडीत दांडा नाही, तारदोर आहे. हेच लागू होतं का?

फियाट १२४ स्पायडरसारख्या इटालियन गाड्यांत पुलींवरून फिरणारी केबल असते. तिथे काच घसरली तर आधी केबल आणि काचेचं चॅनल जोडणारा छोटा क्लॅम्प बघा. त्याचा बोल्ट सैल होतो आणि केबल मधून निसटते. केबल ताणून सैल झाली असेल तर पुलीची जागा सरकवून ताण मिळतो. केबलच्या तारा तुटू लागल्या असतील तर त्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक केबल घाला. जाड तारांची ताठ केबल पुलीवर मोडते.

अ‍ॅम्बेसिडर, पद्मिनी किंवा हेराल्डची मशीन बसेल का?

नाही. दांड्याची लांबी, काचेचा प्रवास, शाफ्टची जागा, सगळं वेगळं असतं. बसवायची म्हटलं तर दाराचा आतला पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही.

स्पिटफायरवाल्यांना हेराल्डचा मोह जास्त होतो, कारण स्पिटफायरची चॅसिस हेराल्डवरूनच आली आणि हेराल्ड मद्रासला बनत होती. नातं खरं आहे, पण दार वेगळं आहे. सुटा रोलर, क्लिप, वॉशर जुळला तर आनंदाने घ्या. अख्खी मशीन मात्र शेजारी ठेवून मापल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुण्यात काय कुठे मिळतं?

नमद्याचं चॅनल, बीडिंग, रबराच्या पट्ट्या नाना पेठेत मीटरवर मिळतात. जुन्या पट्टीचा हातभर तुकडा बरोबर न्या. “एमजीची द्या” म्हणालात तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील, तुकडा दाखवलात तर तीन प्रकार काढून समोर ठेवेल. स्क्रू, रिव्हेट, स्प्रिंग वॉशर यांसाठी रविवार पेठ, बोहरी आळी. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जुनी हँडलं आणि क्लिपा नशिबाने सापडतात, सवड असेल तरच जा. रोलर मात्र शोधत बसू नका, भोसरीत किंवा धायरीत कोणत्याही टर्नरकडून नायलॉनचा करून घ्या. तो पितळी रोलरपेक्षा हलका चालतो आणि आवाजही करत नाही.

परदेशातून नवी मशीन मागवली, पण काच आणखी जड झाली. का?

आधी डावी-उजवी तपासा. दोन्ही बाजूंच्या मशीन एकमेकींच्या उलट असतात. बाजू बरोबर असेल तर मशीनचे बोल्ट सैल करून काच वर-खाली करा. हलकी झाली तर मशीन तिरपी आवळली गेली होती. तरीही जड असेल तर मघाशी सांगितलेला नमदा आठवा. जुनी मशीन फेकू नका. आज बनणाऱ्या काही भागांचा पत्रा जुन्यापेक्षा पातळ असतो, आणि जुनी मशीन धुऊन-पुसून चांगली निघाली तर मी तीच परत बसवीन.

नमद्यात तेल मारू का?

नाही. तेलाला धूळ चिकटते आणि तो लगदा काचेवर उभे ओरखडे काढतो. जुन्या टूथब्रशने धूळ सोडवा, व्हॅक्यूमने ओढा, मग सिलिकॉन स्प्रे मारा. दात्यांना आणि रोलरला ग्रीस, नमद्याला सिलिकॉन, ब्रेक स्प्रिंगच्या ड्रमला काहीही नाही.

ताम्हिणीत भर पावसात काच आत गेली तर?

काचेच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून ती सरळ वर आणा. वर आल्यावर आतल्या बाजूने काच आणि पत्र्याच्या फटीत रबराची पाचर दाबा. जाड चप्पलेच्या तळाचा तुकडाही चालतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, काचेच्या कडेला लोखंड लागलं तर काय होतं ते वर सांगितलं आहे. वरून रुंद चिकटपट्टी लावा आणि घरी येईपर्यंत त्या बाजूचं दार उघडू नका.

काच फुटलीच तर इथे बनवून मिळते का?

मिळते. टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून नमुना आधीच अचूक हवा. फुटलेल्या बाजूचा नमुना उरत नाही, तेव्हा दुसऱ्या दाराच्या काचेवरून प्लायवूडचा नमुना कापा, तो उलटा करून दारात घालून वर-खाली करून बघा आणि मगच काचवाल्याला द्या. आयएस २५५३ या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेली काच मागा. रंगीत घ्यायची असेल तर बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, हा नियम आहे.

एवढं करण्यापेक्षा पॉवर विंडो बसवली तर?

माझं मत विरुद्ध आहे. मोटरसाठी पत्रा कापावा लागतो, जुन्या वायरिंगवर भार येतो, आणि हाताने फिरवायचं हँडल हा या गाडीच्या स्वभावाचा भाग आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेली ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणीही गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, असंच सांगते. मूळ मशीनची दुरुस्ती त्याच्या आड येत नाही.

सगळं बसवलं, पण काच पूर्ण वर गेल्यावर हूडशी (कापडी टपाशी) फट राहते.

रोडस्टरच्या काचेला वरून चौकट नसते, म्हणून तिचा कल पूर्णपणे चॅनलांवर ठरतो. एमजीबीत पुढच्या छोट्या त्रिकोणी काचेच्या चौकटीचा खाली गेलेला पाय पुढचं चॅनल म्हणून काम करतो, मागे वेगळं चॅनल असतं. दोन्हींचे बोल्ट हाताने फिरतील इतके सैल ठेवा. हूड लावा, काच पूर्ण वर करा, दार हळू बंद करा. काच रबराला सारखी टेकेल अशी बाहेरून हाताने बसवा, काच न हलवता दार उघडा, आणि आधी पुढचे, मग मागचे बोल्ट थोडे-थोडे आवळत जा. दर वेळी काच एकदा खाली-वर करून बघा. जड झाली की शेवटचा आवळलेला बोल्ट गुन्हेगार. दार लावताना काचेला धरून ओढायची घरातल्या सगळ्यांची सवय मोडा, चौकट नसलेली काच त्यानेच सैल होते.

डोअर पॅड लगेच लावू नका. काच अर्ध्यावर ठेवा, तिच्या कडेला काचेवर चिकटपट्टीची खूण करा आणि कॅम्पातून, स्पीड ब्रेकरवरून, एक फेरी मारून या. मग गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी खूण हलली नसेल तर प्लॅस्टिक चिकटवा, पॅड लावा. हलली असेल तर दार अजून उघडंच आहे: हँडल फिरलंय की नाही ते बघा आणि दुसऱ्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करा.